पहिल्या ४८ तासांचा प्रश्न : मूत्रपिंडाची तीव्र इजा आणि तज्ज्ञापर्यंतचे अंतर

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात लहान मुले दगावू लागली, तेव्हा आरंभी त्याचे कारण कोणालाच उमगले नाही. तक्रार साधी होती. सर्दी, खोकला, ताप. औषध दिले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच मुलांची लघवी कमी होत होत थांबली. एखाद्या संसर्गाची साथ असावी, या शंकेने पाण्याचे आणि डासांचे नमुने तपासण्यात आले. अत्यवस्थ मुलांपैकी अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलवण्यात आले. तेथे काही मुलांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीवरून ही इजा विषारी द्रव्यामुळे झाली असावी, असा संकेत मिळाला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तमिळनाडूच्या औषध प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्या राज्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल या औद्योगिक द्रावकाचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. औषधात या द्रव्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. या दुर्घटनेत वीसहून अधिक मुलांचा बळी गेला.

यानंतर देशात जी चर्चा झाली, ती मुख्यतः औषध नियंत्रणाविषयी होती आणि ते योग्यच होते. परवाना कोणी दिला, तपासणी का झाली नाही, पाच वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे द्यावीत की नाही, हे प्रश्न टाळता येण्याजोगे नाहीत. मात्र या दुर्घटनेचा आणखी एक पैलू चर्चेत मागे पडला. विष पोटात गेल्यापासून मूल मूत्रपिंडविकारतज्ज्ञाच्या समोर येईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत काय घडते आणि काय घडू शकते, हा तो पैलू. परासियापासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. भारतातील बहुसंख्य तालुक्यांपासून जवळचा मूत्रपिंडविकारतज्ज्ञ साधारण अशाच अंतरावर किंवा त्याहूनही दूर असतो.

येथे एका योगायोगाची नोंद करणे आवश्यक आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी या जागतिक संघटनेने २०१३ मध्ये एक मोहीम जाहीर केली होती. मूत्रपिंडाच्या तीव्र इजेवर उपचार न मिळाल्यामुळे होणारे, टाळता येण्याजोगे मृत्यू २०२५ पर्यंत शून्यावर आणावेत, हे तिचे उद्दिष्ट होते. भारतीय वंशाचे अमेरिकी तज्ज्ञ डॉ. रवींद्र मेहता या मोहिमेचे प्रमुख प्रवर्तक होते. जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ३३ लाख लोकांना ही इजा होते, त्यांतील सुमारे ८५ टक्के विकसनशील देशांत असतात आणि सुमारे १७ लाख मृत्यू तिच्याशी निगडित असतात, असा अंदाज या मोहिमेने मांडला होता. उद्दिष्टाचे वर्ष उजाडले आणि त्याच वर्षी छिंदवाड्याची घटना घडली.

न दुखणारा आजार

पूर्वी या आजाराला ‘ॲक्यूट रीनल फेल्युअर’ म्हणजे मूत्रपिंड अचानक निकामी होणे असे म्हटले जाई. गेल्या दोन दशकांत वैद्यकीय परिभाषेत त्याची जागा ‘ॲक्यूट किडनी इन्ज्युरी’ या संज्ञेने घेतली. हा बदल निव्वळ शब्दांचा नाही. अवयव निकामी होईपर्यंत वाट पाहू नये, इजा होत असतानाच ती ओळखावी, हा त्यामागचा विचार आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने वाढले, किंवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झाले, किंवा सलग सहा तास लघवीचे प्रमाण दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी राहिले, तर ती तीव्र इजा समजावी.

कागदावर हे निकष सोपे वाटतात. व्यवहारात मात्र ते हातातून निसटतात, कारण मूत्रपिंड दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस धावत रुग्णालय गाठतो, अर्धांगवायूचा झटका घरच्यांना डोळ्यांनी दिसतो. लघवी कमी झाली, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही आणि बहुतेक वॉर्डांत ती मोजण्याची पाळी फार उशिरा येते. ६० किलो वजनाच्या माणसाला सहा तासांत १८० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर ती धोक्याची खूण असते. दहा किलोच्या बाळाच्या बाबतीत हा आकडा ३० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. उलट्या-जुलाबांनी हैराण झालेल्या, लंगोट बांधलेल्या बाळाचे हे मोजमाप आईने किंवा परिचारिकेने मुद्दाम ठेवले नाही, तर कोणाच्याही लक्षात येणार नाही.

रक्ताच्या तपासणीचीही एक मर्यादा आहे आणि ती डॉक्टरांनाही चकवते. मूत्रपिंडाचे काम एकाएकी बंद पडले तरी क्रिएटिनिन त्या क्षणी वाढत नाही. ते रक्तात हळूहळू साचत जाते, सर्वसाधारणपणे दिवसाला एक ते दीड मिलिग्रॅमने. त्यामुळे पहिल्या दिवसाचा अहवाल प्रत्यक्ष इजेच्या मानाने कितीतरी सौम्य दिसतो. त्यात भर पडते ती अहवालावर छापलेल्या ‘सामान्य’ मर्यादेची. एखाद्या तरुणीचे नेहमीचे क्रिएटिनिन ०.७ असेल आणि आज ते १.१ आले, तर अहवालात ते सामान्य रकान्यातच बसते. निकषांनुसार मात्र तिच्या मूत्रपिंडाला इजा झालेली असते. लहान मुलांत हा धोका अधिक. तीन वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.३ किंवा ०.४ च्या आसपास असायला हवे. ते ०.८ झाले म्हणजे दुप्पट झाले, पण प्रौढांसाठी आखलेल्या रकान्यात त्याखाली लाल रेघ उमटत नाही. एकट्या आकड्यापेक्षा कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून पाहणे, हाच या आजाराच्या निदानाचा गाभा आहे.

तज्ज्ञ नेमके काय करतो

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणजे डायलिसिस करणारा डॉक्टर, अशी सर्वसामान्य समजूत आहे. रुग्णाला त्याच्याकडे पाठवण्यास विलंब होण्यामागे या समजुतीचाही वाटा असावा. ‘अजून डायलिसिसची वेळ आलेली नाही’ असे म्हणत दोन दिवस काढले जातात. वास्तविक तज्ज्ञाचे सर्वांत मोलाचे काम त्या दोन दिवसांतच असते.

पहिला प्रश्न कारणाचा. जुलाब, उष्माघात किंवा रक्तस्राव यांमुळे मूत्रपिंडाला पुरेसे रक्त पोहोचत नसेल, तर वेळीच दिलेले सलाईन काही तासांत चित्र पालटू शकते. मुतखडा किंवा वाढलेली पुरःस्थ ग्रंथी यांमुळे वाट अडली असेल, तर सोनोग्राफीत ते दिसते आणि नळी घालून अडथळा दूर करता येतो. इजा प्रत्यक्ष मूत्रपिंडाच्या आतच असेल, तर मात्र ती जंतुसंसर्गाची, विषाची, औषधाची की शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेली, हे ठरवावे लागते. झपाट्याने वाढणारा मूत्रपिंडदाह ताप आणि थकवा एवढ्याच लक्षणांनिशी येऊ शकतो आणि त्यावरील उपचारास आठवडाभर उशीर झाला, तर मूत्रपिंड कायमचे जाऊ शकते. लघवीचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे जुने, स्वस्त आणि आता मागे पडत चाललेले तंत्र येथे पुष्कळ काही सांगून जाते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. तोच सर्वांत कठीण. एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवरील दोन रुग्णांची लघवी कमी झालेली असते. एकाला सलाईनची नितांत गरज असते, दुसऱ्याच्या फुफ्फुसांत आधीच पाणी भरू लागलेले असते. दोघांनाही सरसकट सलाईन लावले किंवा दोघांनाही लघवी वाढवणारे इंजेक्शन दिले, तर एकाचे नुकसान ठरलेले. अशा इंजेक्शनाने लघवीची धार काही काळ वाढते, पिशवीत लघवी दिसल्याने सर्वांना हायसे वाटते. इजा मात्र त्याने भरून येत नाही. डोपामिनची कहाणी अशीच आहे. अल्प मात्रेत दिलेले डोपामिन मूत्रपिंडाचे रक्षण करते, या समजुतीवर जगभरातील अतिदक्षता विभागांत ते कित्येक वर्षे दिले गेले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ३२८ रुग्णांवरील चाचणीने २००० साली त्याचा काहीही उपयोग नसल्याचे दाखवून दिले.

तिसरे काम औषधांची यादी तपासण्याचे. तापासाठी किंवा अंगदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅक अथवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांची, जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकांची, रक्तदाबाच्या काही गोळ्यांची आणि मूळ घटक ठाऊक नसलेल्या चूर्णांची भर आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडावर पडते. ही औषधे थांबवणे किंवा त्यांची मात्रा बदलणे याला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. पोटॅशियमवर नजर ठेवणे हेही याच कामात मोडते, कारण या आजारात अचानक मृत्यू येतो तो पुष्कळदा पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडल्याने.

डायएथिलिन ग्लायकॉलच्या विषबाधेत वेळेचा हिशेब आणखी कडक होतो. हे द्रव्य शरीरात गेल्यावर त्याचे विघटन होऊन जे आम्ल तयार होते, ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. हे विघटन रोखू शकणारे फोमेपिझोल नावाचे औषध आहे, परंतु विघटन होऊन गेल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. इंडोनेशियात २०२२ मध्ये दूषित सिरपमुळे दोनशेहून अधिक मुले दगावली, तेव्हा तेथील सरकारने हे औषध परदेशातून मागवले होते. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी घटल्याची शंका कोणाला आली, तरच अशा उपायांना काही अर्थ राहतो.

तज्ज्ञाची आणखी एक भूमिका आहे. तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. एकेका दवाखान्यात एकेक मूल आजारी पडते, तेव्हा प्रत्येक डॉक्टरला ते सुटे प्रकरण वाटते. तीच मुले एका मूत्रपिंड विभागात एकत्र आली की त्यांच्यातील साम्य उठून दिसते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊन १४ जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्येही हेच द्रव्य होते आणि पुढे न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात २०१९-२० च्या हिवाळ्यात आणि आफ्रिकेतील गाम्बियात २०२२ मध्ये मुलांच्या मृत्यूंचा छडा लागला, तोही मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचे रुग्ण अनपेक्षितपणे वाढल्याचे ध्यानात आल्यामुळेच. छिंदवाडा-नागपूरच्या बाबतीतही अशा एकत्रित निरीक्षणाने मदत केली. हे रुग्ण तज्ज्ञाकडे जितके लवकर पोहोचतात, तितक्या लवकर दुकानातील उरलेल्या बाटल्या उचलल्या जाण्याची शक्यता वाढते.

लवकर तज्ज्ञ म्हणजे लवकर डायलिसिस नव्हे

या विषयात एक गल्लत वारंवार होते. उपचार लवकर हवेत, हे मान्य झाले की डायलिसिसही लवकर सुरू करावे, असा निष्कर्ष काढला जातो. गेल्या दशकातील मोठ्या चाचण्या त्याला दुजोरा देत नाहीत. २०१६ मध्ये दोन अभ्यास जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. जर्मनीतील म्युन्स्टर येथील एका केंद्रात २३१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत लवकर सुरू केलेल्या डायलिसिसने मृत्यू कमी झाले. फ्रान्समधील ६२० रुग्णांच्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. इतकेच नव्हे, ज्यांना थांबवून ठेवले त्यांतील ४९ टक्के रुग्णांना डायलिसिसची गरजच पडली नाही.

या वादावर २०२० मध्ये १५ देशांतील १६८ रुग्णालयांच्या चाचणीने बऱ्याच अंशी पडदा टाकला. तिच्या विश्लेषणात २,९२७ रुग्ण होते. ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण घाईने डायलिसिस केलेल्या गटात ४३.९ टक्के आणि गरज पडेपर्यंत थांबलेल्या गटात ४३.७ टक्के होते. बचावलेल्यांपैकी तीन महिन्यांनंतरही डायलिसिसवर अवलंबून राहिलेले रुग्ण घाई केलेल्या गटात १०.४ टक्के, तर दुसऱ्या गटात ६ टक्के होते. पुढे २०२१ मध्ये फ्रान्समध्येच आणखी एक चाचणी झाली. तिने प्रतीक्षा फारच ताणली तर तीही घातक ठरू शकते, असा इशारा दिला.

या सर्वांचा एकत्र अर्थ लावला, तर निष्कर्ष यंत्राच्या नव्हे, पाहणाऱ्याच्या बाजूने निघतो. थांबता येते, पण ज्याला केव्हा थांबायचे आणि केव्हा थांबायचे नाही हे कळते, अशा कोणाची तरी रोजची नजर रुग्णावर असेल तरच. या चाचण्यांतील ‘थांबलेले’ रुग्ण अतिदक्षता विभागात होते, त्यांचे पोटॅशियम आणि आम्लता वेळोवेळी तपासली जात होती. तालुक्याच्या रुग्णालयात तपासणीविना काढलेले तीन दिवस आणि ही देखरेखीखालची प्रतीक्षा यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तज्ज्ञाचा सल्ला लवकर मिळाल्याने मृत्यू नेमके किती कमी होतात, याचा पुरावा मात्र बहुतांशी निरीक्षणात्मक आहे. ज्यांना उशिरा पाठवले जाते ते अनेकदा मुळातच अधिक आजारी असतात किंवा त्यांचा आजार ओळखण्यास कठीण असतो. त्यामुळे उशिराचा दोष आणि आजाराचा दोष वेगळा काढणे सोपे नाही. तरीही इतिहासातील एक उदाहरण ठसठशीत आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमांनंतर ज्या सैनिकांची लघवी बंद पडे, त्यांपैकी दहातील आठ-नऊ जण दगावत. कोरियाच्या युद्धात १९५२ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने आघाडीच्या मागे मूत्रपिंडविकारांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले आणि अशा जखमींना तेथे हलवण्यास आरंभ केला. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. यात कृत्रिम मूत्रपिंडाचा वाटा होताच, त्याबरोबर वेळेवर हलवण्याचा आणि जाणत्या हातांचाही होता.

इंग्लंडने घेतलेला धडा

श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला होता असे नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली रुग्णालयांत या आजाराने झालेल्या मृत्यूंची देशव्यापी पाहणी करण्यात आली. जेमतेम निम्म्या रुग्णांना चांगली म्हणता येईल अशी शुश्रूषा मिळाली होती. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांच्या बाबतीत ती ओळखण्यात अक्षम्य विलंब झाला होता. यानंतर २०१३ मध्ये तेथील मार्गदर्शक तत्त्वांनी इजा आढळल्यापासून २४ तासांच्या आत गंभीर वा अनाकलनीय रुग्णांबाबत मूत्रपिंडविकारतज्ज्ञाशी चर्चा करण्याची अट घातली. २०१४ मध्ये प्रयोगशाळांच्या संगणकांना जुन्या-नव्या क्रिएटिनिनची तुलना करून आपोआप इशारा देण्यास सांगण्यात आले.

हा उपाय आकर्षक आहे आणि भारतातही त्याची नक्कल करण्याचा मोह होईल. म्हणून त्याची दुसरी बाजू पाहणे आवश्यक ठरते. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा रुग्णालयांतील ६,०३० रुग्णांवर अशा इशाऱ्यांची चाचणी घेतली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इशाऱ्यांमुळे रुग्णांच्या परिणामांत एकंदर सुधारणा झाली नाही. त्यांतील जी दोन रुग्णालये अध्यापन संस्थांशी जोडलेली नव्हती, तेथे तर इशारा मिळालेल्या गटात मृत्यू अधिक झाले. असे का झाले, याचे उत्तर निःसंदिग्ध नाही. पडद्यावर इशारा उमटणे आणि त्यावर काय करावे हे जाणणारा माणूस खाटेपाशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यावरून म्हणता येईल.

भारतातील स्थिती

भारताने डायलिसिसच्या बाबतीत गेल्या दशकात मोठा पल्ला गाठला आहे. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आणि गरीब रुग्णांना विनामूल्य सेवा मिळू लागली. मात्र हा कार्यक्रम मुख्यतः ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली आहेत आणि ज्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमित यावे लागते, अशा रुग्णांसाठी आखलेला आहे. तीव्र इजेचा रुग्ण वेगळा असतो. तो रात्री-अपरात्री येतो, रक्तदाब ढासळलेला असतो, नियमित रुग्णांनी भरलेल्या वेळापत्रकात त्याला जागा नसते. तंत्रज्ञ सायंकाळी घरी गेलेले असतात. त्याचे मूत्रपिंड पूर्ववत होण्याची शक्यता मात्र पहिल्या रुग्णाच्या तुलनेत कितीतरी जास्त असते. ही विसंगती नियोजनकारांच्या नजरेतून सुटली आहे, असे म्हणावे लागते.

या आजाराचे भारतीय रूपही पाश्चात्त्य देशांहून भिन्न आहे. तेथे तो अतिदक्षता विभागातील वृद्धांचा, शस्त्रक्रियेनंतरचा आजार आहे. येथे मोठ्या शहरांत तसेच चित्र असले तरी ग्रामीण भागात तो पावसाळ्याबरोबर येतो. जुलाब, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि सर्पदंश ही त्याची प्रमुख कारणे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, तिने शहरी वस्त्यांनाही हे दाखवून दिले. घोणसाच्या दंशानंतर प्रतिसर्पविष मिळण्यास जितका उशीर, तितका मूत्रपिंडाला धोका अधिक. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे हे त्याचे लक्ष्य आहे. त्या आराखड्याच्या यशापयशात लघवी मोजणाऱ्या परिचारिकेचा वाटा किती मोठा आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. या साऱ्या कारणांत एक दिलाशाची बाबही आहे. हे रुग्ण बहुधा तरुण असतात, त्यांना अन्य जुने आजार नसतात आणि ते वाचले तर पुष्कळदा पूर्ण बरे होतात.

तज्ज्ञांची संख्या एकाएकी वाढणार नाही आणि ते तालुक्याला राहायला जाणार नाहीत, हे गृहीत धरले तर मार्ग कोणता? वर उल्लेखिलेल्या जागतिक मोहिमेने याचे उत्तर शोधण्यासाठी नेपाळमधील धरान, बोलिव्हियातील कोचाबांबा आणि मलावीतील ब्लांटायर येथे एक प्रयोग केला. आरोग्य केंद्रात आलेल्या रुग्णाचा धोका काही ठराविक प्रश्नांवरून ठरवायचा, बोटातील थेंबभर रक्तावर जागेवरच क्रिएटिनिन तपासायचे आणि दूरच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञाशी संपर्क साधून उपचार ठरवायचे, अशी त्याची रूपरेषा होती. अशा केंद्रांत ही पद्धत राबवता येते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसले. भारतात ई-संजीवनी ही दूरसल्ला सेवा २०१९ पासून सुरू आहे. डॉक्टरांनी डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय तिच्यात आहेच. तिच्याद्वारे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मूत्रपिंडविकारतज्ज्ञाशी त्याच दिवशी बोलता आले, तर ‘पाठवू की थांबू’ हा प्रश्न तेथेच सुटू शकेल. अर्थात त्यासाठी पलीकडे उत्तर देणारा तज्ज्ञ उपलब्ध हवा आणि अलीकडे दोन दिवसांचे क्रिएटिनिन व लघवीचा तक्ता तयार हवा.

लहान मुलांसाठी आणखी एक जुना उपाय पुन्हा हाती घेण्याजोगा आहे. पोटाच्या पोकळीत द्रव सोडून आणि काही वेळाने तो काढून घेऊन रक्त शुद्ध करण्याच्या पेरिटोनियल डायलिसिसला ना यंत्र लागते, ना शुद्ध पाण्याचा प्रकल्प, ना वीज. दहा किलोच्या मुलाच्या बारीक रक्तवाहिन्यांत जाड नळी घालण्यापेक्षा ते सुरक्षितही असते. भारतातील जिल्हा रुग्णालयांत एके काळी हे तंत्र परिचित होते. यंत्रे आल्यावर ते मागे पडले आणि नव्या पिढीतील अनेक डॉक्टरांनी ते हाताने कधी केलेलेच नाही. २०१२ पासून काही आंतरराष्ट्रीय संघटना मिळून अल्पउत्पन्न देशांतील डॉक्टरांना हेच तंत्र शिकवत आहेत. ज्या जिल्ह्यातून मुलाला शेजारच्या राज्यात न्यावे लागते, तेथे एक बालरोगतज्ज्ञ आणि दोन परिचारिका या तंत्रात तयार असतील, तर प्रवासाचे ते तास वाया जाणार नाहीत.

प्रवास हाच मुळात उपचाराचा भाग मानला जात नाही, ही आणखी एक अडचण. रुग्ण पाठवताना सोबत जी चिठ्ठी असते, तिच्यावर ‘पुढील उपचारार्थ’ एवढाच मजकूर असेल, तर दीडशे किलोमीटरवरच्या डॉक्टरला शून्यापासून आरंभ करावा लागतो. कोणते औषध केव्हा दिले, लघवी शेवटची कधी झाली, किती सलाईन गेले, पोटॅशियम किती होते, ही चार वाक्ये त्याचे अर्धा दिवसाचे काम वाचवतात. औषधाची रिकामी बाटली सोबत पाठवली, तर विषबाधेच्या प्रसंगी ती कोणत्याही तपासणीपेक्षा मोलाची ठरते.

रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावरही हा विषय संपत नाही. मूत्रपिंडाला एकदा तीव्र इजा झालेल्या व्यक्तीला पुढे दीर्घकालीन मूत्रपिंडविकार जडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, असे म्हटले आहे. त्यासाठी घरी पाठवतानाच्या कागदावर त्या दिवशीचे क्रिएटिनिन, टाळावयाच्या वेदनाशामकांची नावे आणि तिसऱ्या महिन्यातील एक तारीख एवढे लिहिलेले असणे पुरेसे आहे. छिंदवाड्यातील जी मुले या संकटातून वाचली, त्यांच्या रक्तदाबाची, लघवीतील प्रथिनांची आणि वाढीची नोंद पुढील अनेक वर्षे ठेवावी लागणार आहे, आणि ती ठेवणारी रुग्णालये त्यांच्या गावांपासून तितक्याच अंतरावर आहेत.